नवरा राहू द्या, तांदूळ बदला

वाचकांचे प्रश्न, स्वयंपाकघराची उत्तरं

मे महिन्याची पत्रं नेहमी जाड असतात. घरात पाहुणे, परसात रातांबे (कोकमाची फळं), ओट्यावर फणस आणि माहेरवाशिणींच्या गप्पा, त्यामुळे प्रश्नांबरोबर एकमेकींना मारलेले टोमणेही पाकिटात घालून येतात. टोमणे आम्ही छापतो, नावं छापत नाही, गावं छापतो. या वेळची सगळी पत्रं एकदम वाचली तर तक्रार एकाच गोष्टीची दिसते: पाणी. कुठे जास्त, कुठे कमी, कुठे नको तेवढं गरम, आणि कुठे असायलाच नको होतं.

मापाचं आधीच सांगून ठेवतो. या सदरातली वाटी २०० मिलीलीटरची, चमचा चहाचा, आणि नारळ मध्यम, म्हणजे खवून दोन ते अडीच वाट्या खोबरं निघेल असा.

प्रश्न: घावण्यांक जाळी पडना नाय. तवो बदललंय, पीठ बदललंय, आता घोव बदलूचो तेवढो रवलो. काय करू ता सांगा. (मालवण)

उत्तर: नवरा राहू द्या, तांदूळ बदला. तुम्ही पीठ बदललंत म्हणजे दुकान बदललंत. आतला तांदूळ नवाच असेल तर दहा दुकानं फिरून काही होणार नाही. नव्या तांदळात ओल जास्त असते, तो चिकट शिजतो, तव्याला धरतो आणि वाफेला वाट देत नाही. घावण्याला, म्हणजे तांदळाच्या या पातळ जाळीदार धिरड्याला, निदान सहा महिने, जमलं तर वर्षभर जुना, जाड, मोकळा शिजणारा तांदूळ हवा. कोलम चालतो. आंबेमोहोर आणि इंद्रायणी नकोत. मोदकाला जो तांदूळ गुणाचा, तोच घावण्याला अवगुणी.

दोन वाट्या तांदूळ धुऊन पाच-सहा तास भिजवा. थोड्या पाण्यात अगदी गंधासारखा वाटा. बोटांत रवाळ लागला तर पुन्हा फिरवा. मग पाणी वाढवत न्या. वाटताना घातलेलं धरून एकूण चार ते साडेचार वाट्या पाणी लागतं. इथेच बहुतेकींचा हात आखडतो. पीठ डोशासारखं नको, ताकासारखं हवं. डाव बुडवून उचललात की डावावर पातळ पांढरा पापुद्रा राहावा आणि मागचा धातू दिसावा. पाऊण चमचा मीठ. तयार पिठीचं करायचं असेल तर एका वाटीला दोन वाट्या पाणी, आणि अर्धा तास मुरू द्या.

जाळी पडते ती वाफेने. तवा सणसणीत तापलेला असेल आणि पीठ पातळ असेल, तर पाण्याची क्षणात वाफ होऊन ती पिठातून भोकं पाडत वर येते. पीठ दाट असलं की वाफ अडकते. तवा कोमट असला की वाफच उशिरा होते आणि तोवर पीठ घट्ट बसतं. तव्यावर पाण्याचे चार थेंब टाका: नाचत पळाले तर घाला, बसून सुं सुं करत राहिले तर थांबा. पीठ डावाने पसरायचं नाही. वाटीने जरा उंचावरून, कडेकडून आत येत ओतायचं आणि राहिलेली छिद्रं थेंबांनी भरायची. झाकण ठेवून एक मिनिट. कडा आपोआप सुटल्या की झालं. उलटायची गरज नसते.

दोन गोष्टी कृतीत कोणी लिहीत नाही. एक, तांदळाचं पीठ तळाला बसतं, म्हणून प्रत्येक घावण्याआधी तळापासून ढवळा. नाहीतर पहिले चार पाणचट आणि शेवटचे चार भाकरीसारखे होतात. दोन, बिडाचा तवा भाकरीला वापरू नका आणि तारेच्या घासणीने घासू नका. त्याचा तेलकट थर हीच त्याची कमाई. नारळाची शेंडी किंवा अर्धा कांदा तेलात बुडवून प्रत्येक वेळी फिरवायचा. पहिला घावणा तव्याचा मान. तो फाटला म्हणून घरच्यांवर राग काढू नये. एवढ्या पिठात चौदा-पंधरा होतात. गरम असताना एकावर एक रचले तर चिकटतात, आधी जाळीवर वाफ जाऊ द्या.

प्रश्न: मालवणवाल्या मैत्रिणी आम्हाला हसतात. आम्ही ‘घावन’ म्हणतो, त्या ‘घावणे’ म्हणतात. आणि आमची शेजारीण त्यालाच ‘आंबोळी’ म्हणते! बरोबर कोण? (हर्णै)

उत्तर: तुम्ही आणि मैत्रिणी दोघीही. शेजारीण चुकली. आंबोळीत उडीद असतो आणि पीठ आंबवतात. तीन वाट्या तांदळाला एक वाटी उडीद आणि अर्धा चमचा मेथ्या. ती जाड, लुसलुशीत होते. घावन सकाळी वाटून सकाळीच घालता येतं. शेजारणीला हे सांगताना आंबोळ्यांची ताटली हातात पडल्यावर सांगा, आधी नको.

प्रश्न: आमच्याकडे सोलकढीत लसूण घालत नाहीत. मालवणच्या विहीणबाई म्हणतात, ‘लसणाशिवाय ती कढी नव्हे, रंगपंचमीचं पाणी.’ निकाल द्या. शिवाय माझी कढी दर वेळी फुटते, आणि रंग कधी गुलाबी तर कधी विटक्या विटेसारखा येतो, तेही सांगा. (गुहागर)

उत्तर: निकाल ताटाकडे बघून लागतो. ताटात मासे असतील तर लसूण हवाच, तो वास मारतो आणि तोंड साफ करतो. नैवेद्याचं पान असेल तर हिरवी मिरची, जिरं आणि वरून कोथिंबीर, बस. दोन्ही कढ्या खऱ्या. विहीणबाईंना एवढंच विचारा की रंगपंचमीचं पाणी त्यांनी दोन वाट्या मागून का घेतलं.

आता फुटण्याचं. नारळाच्या दुधात तेल आणि पाणी एकमेकांना कसंबसं धरून असतात. आंबट आणि उष्णता एकाच वेळी आली की ती पकड सुटते. बहुतेक घरी आमसुलं गरम पाण्यात भिजवतात आणि ते पाणी निवायच्या आत दुधात ओततात. तिथेच फुटतं. दहा-बारा आमसुलं एक वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, चोळा, गाळा आणि पूर्ण गार होऊ द्या. एका नारळाचा चव, दोन-तीन लसणाच्या पाकळ्या, एक हिरवी मिरची, अर्धा चमचा जिरं, एक वाटी कोमट पाणी असं वाटून फडक्यातून पिळा. चोथ्यात पुन्हा दीड वाटी पाणी घालून दुसरं दूध काढा. दोन्ही दुधं एकत्र करून गार झाल्यावर त्यात आमसुलाचं पाणी धारेने घाला, दूध आमसुलात नाही. मीठ सगळ्यात शेवटी. गॅसचा आणि सोलकढीचा संबंध येऊ देऊ नका.

दोन तासांनी वर पांढरी साय दिसली तर ते फुटणं नव्हे. ढवळली की एक होते. फ्रीजमधून काढल्यावर पांढरे कण दिसतात, तेही फुटणं नव्हे. खोबऱ्याचं तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, तेच कण. अर्धा तास बाहेर ठेवा. खरी फुटलेली कढी मात्र ढवळूनही खाली पाणी, वर चोथा अशीच राहते. तिला वाचवायचा प्रयत्न करू नका.

रंगाचं कारण आमसूल. याच हंगामातलं, मऊ, जांभळट-काळं आमसूल लाल रंग सोडतं. दोन पावसाळे पाहिलेलं कडक आमसूल आंबटपणा देतं, पण रंग विटकरी. भांडं स्टीलचं, काचेचं किंवा मातीचं घ्या. लोखंडात रंग काळवंडतो, आणि कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत आंबट ठेवायचंच नसतं. घाई असेल तर आगळ (रातांब्यांचा खारवलेला रस) वापरा: एवढ्या दुधाला तीन-चार चमचे. पण आगळात मीठ आधीच असतं. चव घेतल्याशिवाय मिठाच्या डब्याला हात लावलात तर विहीणबाईंना नवा विषय मिळेल. आणि बाहेर कुठे कढी अगदीच भडक गुलाबी दिसली, मातकट वास आला, तर त्यात बीट आहे असं समजून गुपचूप प्या.

प्रश्न: सासूबाई राजापूरहून फोनवर कृती सांगतात: ‘पाणी बेताचं, मीठ चवीपुरतं, गूळ मनासारखा.’ मैत्रिणींना विचारलं तर त्या म्हणतात, ‘अगं, अंदाजाने!’ आणि हसण्याची चित्रं पाठवतात. अंदाज म्हणजे किती चमचे? (पनवेल)

उत्तर: सासूबाई लपवत नाहीत हो, त्यांच्या हाताला माप ठाऊक आहे, तोंडाला नाही. भाषांतर करून देतो. ‘बेताचं पाणी’ पदार्थागणिक बदलतं: उकडीला पिठाएवढंच, भाताला दुप्पट, घावण्याच्या पिठीलाही दुप्पट. ‘बोटभर पाणी’ म्हणजे तांदळाच्या वर बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत, अडीच सेंटिमीटर धरा. ‘चवीपुरतं मीठ’ म्हणजे एक वाटी पिठाला पाव चमचा, एक वाटी उसळीला अर्धा. ‘मनासारखा गूळ’ सारणात खोबऱ्याच्या निम्मा. ‘सुपारीएवढी चिंच’ म्हणजे चार-पाच आमसुलं. आणि ‘वास सुटेपर्यंत भाज’ याचं माप नाही, तिथे नाकच लागतं. एक उपाय करा: पुढच्या खेपेला सासूबाई इथे आल्या की त्यांची मूठ पिठात पडण्याआधी वाटीत रिकामी करायला लावा. चिडतील. पण एका दिवसात सगळी वही भरेल.

प्रश्न: संकष्टीला उकडीचे मोदक केले. पाऱ्या वळताना चिरा, वाफवल्यावर भेगा. फोटो पाठवला तर मैत्रिणीने विचारलं, ‘हे मोदक आहेत की उमललेली कापसाची बोंडं?’ (चिपळूण)

उत्तर: मैत्रिणीचं निरीक्षण चांगलं आहे. दोन ठिकाणच्या भेगांची कारणं वेगळी आहेत.

वळतानाची चीर म्हणजे उकड कोरडी किंवा कच्ची. दोन वाट्या पिठीला दोन वाट्या पाणी, अर्धा चमचा मीठ, एक चमचा तूप. पाणी खळखळून उकळलं पाहिजे; नुसते बुडबुडे दिसले म्हणून पीठ लोटलं तर ते शिजत नाही, फक्त भिजतं. आणि भिजलेलं पीठ ताणलं जात नाही, तुटतं. पीठ एकदम घालून उलथन्याच्या दांड्याने ढवळा, झाकून मंद आंचेवर दोन मिनिटं, मग गॅस बंद करून आणखी दहा मिनिटं झाकलेलंच. चटका सोसेल इतकं गरम असतानाच तेल-पाण्याच्या हाताने मळा. गार झाल्यावर मळलेली उकड कितीही पाणी पाजलं तरी सुधारत नाही. सुपारीएवढी गोळी दाबून पाहा: कड फाटली तर दोन चमचे गरम पाणी लावून पुन्हा मळा. पिठी जुनी असेल तर ती पाणी जास्त पिते, हे लक्षात ठेवा. उरलेला गोळा ओल्या फडक्याखाली ठेवा, पंखा बंद.

वाफेतली भेग बहुधा सारणामुळे. दोन वाट्या खोबरं, एक वाटी गूळ. गूळ विरघळून सारण कढईचा तळ सोडायला लागलं की उतरवा. त्याआधी उतरवलं तर त्यातलं पाणी वाफेत बाहेर यायला वाट शोधतं. जास्त आटवलं तर गार झाल्यावर चिक्की. मोदक पाण्यात बुडवून हळदीच्या पानावर ठेवा आणि वाफ भरपूर आल्यावरच आत घाला. दहा-बारा मिनिटं पुरे. वीस मिनिटं ठेवणाऱ्यांचीच बोंडं उमलतात.

प्रश्न: बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं वाटून घातली. जिभेला मुंग्या, शिवाय कडू. घरचे दोन दिवस बोलत नव्हते. (वेंगुर्ले)

उत्तर: बोलत नव्हते की बोलता येत नव्हतं? तिरफळ वाटायचं नसतं. आतली काळी बी काढून टाका आणि टरफल नुसतं ठेचा. चार बांगड्यांना आठ तिरफळं पुष्कळ. आठ-दहा भिजवलेल्या बेडगी मिरच्या, एक चमचा धणे, सहा लसूण पाकळ्या आणि अर्धा चमचा हळद बारीक वाटा. वाटण, पाच-सहा आमसुलं, तिरफळं, मीठ आणि पाऊण वाटी पाणी एकत्र उकळा, मग बांगडे सोडा. आठ ते दहा मिनिटं. डाव घालू नका, बांगडा तुटतो; भांडंच फडक्यात धरून गोल हलवा. तिरफळ वासासाठी असतं, खायला नाही, म्हणून ते वाढताना काढून बाजूला ठेवायचं. सुरमई-पापलेटाला तिरफळ लावू नका, तिथे ते माशाला बोलूच देत नाही.

प्रश्न: रातांब्याच्या सरबताला दर वर्षी बुरशी येते. वरचा थर काढून खालचं वापरलं तर चालेल का? (लांजा)

उत्तर: नाही. सगळं टाका. बुरशी वर दिसते तेवढीच नसते.

चूक बरणीत नाही, त्याआधीची आहे. रातांबे धुऊन पुसता, पण देठाच्या खळग्यात पाणी राहतं. धुतल्यावर फडक्यावर पंख्याखाली तीन-चार तास सुकवा. कोरड्या सुरीने कापा, बिया काढा (फेकू नका, त्यांचं कोकमतेल भेगाळलेल्या टाचांना लागतं). एक किलो सालींना दोन किलो साखर. साखर वाचवायला गेलात तर सरबत वाचत नाही: साखर भरपूर असली तरच ती पाणी बांधून ठेवते आणि बुरशीला ते मिळत नाही. वाट्यांत साखर भरून थर लावा, सगळ्यात वर साखरेचाच थर. बरणीच्या तोंडाला फडकं बांधून सहा ते आठ दिवस कडक ऊन. रोज कोरड्या चमच्याने खालीवर करा, कारण साली तरंगतात आणि पाकाबाहेर राहिलेल्या सालीवरच पहिली बुरशी धरते. गाळून त्यात दोन चमचे भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि दोन चमचे मीठ. एका भागाला चार-पाच भाग पाणी. आभाळ भरून यायच्या आत हे उरकायला हवं. मृगाच्या तोंडावर बरणी भरणाऱ्यांना आमच्याकडे उत्तर नाही.

प्रश्न: आमच्या मैत्रिणींत देवगडच्या आणि रत्नागिरीच्या असे दोन तट आहेत. हापूस खरा कुणाचा? आणि साठं चिकटच राहतं, वाळत का नाही? (रत्नागिरी, अर्थात)

उत्तर: २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाचही जिल्ह्यांना. म्हणजे तुमच्या दोन तटांच्या भांडणात आणखी तीन वाटेकरी आहेत, त्यांनाही गटात घ्या.

साठं, म्हणजे आंब्याच्या रसाची वाळवलेली पोळी, चिकट राहतं कारण साखर जास्त आणि थर जाड. चार वाट्या रसाला पाव वाटी साखर पुरे, आणि तीही रस मंद आंचेवर थोडा आटवताना. तूप लावलेल्या ताटात दोन मिलीमीटरचाच थर द्या. तो वरून हाताला न लागण्याइतका वाळल्यावर दुसरा. मिक्सरला रस काढताना पाणी घातलंत तर दोन दिवस वाढतील आणि आंबूस वास येईल. संध्याकाळी ताट आत घ्या, रात्रीची खारी दमट हवा दिवसभराचं ऊन पुसून टाकते.

प्रश्न: बरका फणस मिळत नाही. काप्याचं सांदण करता येईल? गावची मावशी म्हणते, ‘त्यापेक्षा इडली कर आणि पिवळा रंग टाक.’ (ठाणे)

उत्तर: मावशीशी वाद घालू नका, सांदण म्हणजे फणसाच्या रसाची गोड इडलीच, तेव्हा तिचं निम्मं बरोबर आहे. मऊ गऱ्यांचा बरका रोवळीवर घासला की रस खाली आणि धागे वर राहतात. काप्याला रसच नाही. करायचंच असेल तर चांगला पिकलेला, सुवासिक कापा घ्या, अर्धी वाटी नारळाच्या दुधाबरोबर मिक्सरला फिरवा आणि गाळा. दोन वाट्या तांदळाचा रवा जरासा भाजून त्यात दोन वाट्या हा रस, पाऊण वाटी गूळ, चिमूटभर मीठ. तीन तास झाकून ठेवा. रवा रस प्याला नाही तर सांदण गार होताच दगड. हळदीच्या पानाचा तुकडा तळाशी घालून वाटीत पंधरा-वीस मिनिटं वाफवा. गूळ वाढवला तर मधोमध चिकट राहतं.

प्रश्न: मी तोच घोव. बायलेन पत्र धाडल्यान ता माका तिच्याच पाकिटात कळला, म्हणान हीच चिठी आत सारतंय. घावणे माका जमतत, पण घरात कोण इचारता? माझो प्रश्न रसाचो. गूळ घालून गॅसवर ठेवलो की फुटता, वर तेल, खाली पाणी. कित्याक? (मालवण)

उत्तर: भावोजी, तुमचं स्थान पक्कं आहे, वर पहिल्याच ओळीत लिहिलंय.

घावण्यांबरोबरचा नारळाच्या दुधाचा रस उकळायचाच नसतो. गुळात थोडा आंबटपणा आणि क्षार असतात. उकळी आली की त्यांच्यापुढे नारळाचं दूध टिकत नाही. पाऊण वाटी गूळ पाव वाटी पाण्यात वेगळा विरघळवा, गाळा (गुळातली रेती रसात कळते) आणि गार करा. एका नारळाचं जाड दूध आणि दुसरं दूध मिळून अडीच वाट्या घ्या, त्यात हा पाक, चिमूटभर मीठ आणि पाव चमचा वेलची. गॅस नाही. कोमट हवा असेल तर भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून ढवळा. हळदीचं पान चुरगळून दहा मिनिटं रसात ठेवलंत तर वास घरभर फिरतो. उरला तर लगेच फ्रीजमध्ये. मेच्या उकाड्यात ओट्यावर राहिलेला रस रात्रीपर्यंत आंबतो. चौदा घावण्यांपुढे तो उरतो कशाला म्हणा.